गुणाकार करणारा ब्रेक

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली आणि काळ्या-पिवळ्या फियाटचा जमाना सरला. हौशी मालकांच्या दारात मात्र पद्मिनी अजून उभ्या आहेत, रविवारी धावतातही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४च्या सुमारास निघू लागलेली ‘फियाट ११०० डी’ हीच पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. तिच्या इंजिनाचं सामान आजही हुडकून काढता येतं. खरा कस लागतो ब्रेकच्या कामात. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि तिथं ‘बसलं म्हणजे चाललं’ हा गॅरेजचा लाडका नियम चालत नाही.

का, ते चाक उघडल्यावर कळतं. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा ड्रम, आत चंद्रकोरीसारखे दोन शू, त्यांच्यावर लायनर आणि शूंच्या टोकांना ढकलणारा व्हील सिलिंडर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं शू फाकतात आणि ड्रमला घासतात. गंमत पुढं आहे. दोनपैकी एक शू अशा दिशेला असतो, की फिरणारा ड्रम घर्षणानं त्याला आणखी आत ओढतो. दाराखाली अडकवलेली पाचर दार ढकललं की जास्तच घट्ट बसते, तसं. हा लीडिंग शू. दुसरा, ट्रेलिंग शू, ड्रम उलट दूर लोटतो. त्यामुळे सारख्याच जोरानं दाबूनही लीडिंग शू दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट काम करतो. कोणत्याही बूस्टरशिवाय माणसांनी भरलेली गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबते ती या फुकटच्या गुणाकारामुळे. डिस्क ब्रेकला ही सोय नाही.

पण गुणाकार जसा जोराचा होतो, तसा चुकीचाही. लायनरचं घर्षण दहा टक्के घटलं तर डिस्कची पकड साधारण तेवढीच घटते, लीडिंग शूची मात्र त्याहून जास्त. तुंबलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर जुनी गाडी ब्रेक मारताच एका अंगाला ओढते, कारण एका बाजूचा ड्रम दुसऱ्यापेक्षा जास्त ओला असतो. गळक्या सिलिंडरचं ऑइल एका लायनरवर उतरलं तरी तेच होतं. म्हणून लायनर बदलायचे ते एका एक्सलच्या दोन्ही चाकांचे, एकाच वेळी आणि एकाच बनावटीचे. एका चाकापुरते पैसे वाचवणं हा या गाड्यांमधला सर्वांत महागडा काटकसरीपणा.

घाट उतरताना आणखी एक संकट येतं. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो, पेडल खाली जाऊ लागतं. लायनरमधली राळ तापली की घर्षणही घसरतं. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या ‘डॉट ३’ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, पण ओल मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळून वाफ झाली की पाय दाबतो ती वाफ, शू हलत नाहीत.

आता सुट्या भागांकडे वळू. चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात व्हील सिलिंडर नावानं मागाल तर कुठला तरी नक्की मिळेल. न्यावं लागतं ते माप. समजा मूळ बोअर पाऊण इंचाचा आहे आणि दुकानदारानं सात-अष्टमांश इंचाचा दिला. डोळ्यांना फरक जाणवत नाही. जोर मात्र क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरतो: ४९ भागिले ३६, थेट ३६ टक्के जास्त. हा सिलिंडर मागच्या चाकांना बसला तर जोराच्या ब्रेकला मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीची शेपटी फिरते.

पाइपच्या आट्यांचंही तसंच. इटालियन घराण्याच्या फियाटला मेट्रिक आटे, ब्रिटिश मॉरिसच्या वंशातल्या अॅम्बेसेडरला इंची. दहा मिलिमीटर व्यासाचे मेट्रिक आटे आणि तीन-अष्टमांश इंची आटे इतके सारखे दिसतात, की एकाचा नट दुसऱ्यात दोन-चार फेरे बसतोसुद्धा. मग पाना लावून आवळला की आटे मरतात. नट हातानं शेवटपर्यंत फिरला नाही तर तो त्या जागेचा नाहीच. सिलिंडरच्या रबर किटला इंजिन ऑइल किंवा ग्रीस लागू देऊ नये. खनिज तेलानं ते फुगतं आणि पिस्टन अडकून बसतो.

ओरखडे पडलेला ड्रम लेथवर कापून घेताना व्यास वाढतो. जुन्याच वक्रतेचा शू मग फक्त मधोमध टेकतो, म्हणून लायनर नव्या व्यासाला जुळवून घासून घ्यावा लागतो. किती कापता येईल याला मर्यादा आहे. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, हे गृहीत धरावं. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपनं उडवायची गॅरेजमधली पद्धत फुफ्फुसांना घातक आहे. ती ओल्या फडक्यानं टिपून, पिशवीत बांधून टाकावी.

एका वेळी एकच चाक उघडावं, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठं होती हे दुसऱ्या चाकात बघता येतं. सगळं जोडून, पाइपांतली एअर काढून झाली की गाडी आधी मोकळ्या मैदानात, सावकाश चालवून बघावी. आणि मागं घेऊनही, कारण रिव्हर्समध्ये ड्रम उलटा फिरतो आणि लीडिंग शूचा ट्रेलिंग होतो. पुढच्या चाकांत दोन्ही शू लीडिंग असलेल्या गाड्या चढावर मागं घसरू लागल्या की नेहमीपेक्षा बराच जास्त जोर लावावा लागतो, तो यामुळेच. तिथं हँडब्रेक हाताशी असलेला बरा.