बटव्याची नाडी

आमच्या दापोडीत आजीबाईचा बटवा एकच नाही, दहा गावांचे दहा बटवे आहेत! एसटीच्या कार्यशाळेत, पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत नोकरीला म्हणून माणसं आली ती साताऱ्याहून, सोलापूरहून, लातूरहून, खानदेशातून. येताना आई-सासूची औषधंही सोबत घेऊन आली. त्यामुळे आमच्या बचत गटाच्या बैठकीत कुणी नुसतं खोकलं, की हिशेबाची वही बाजूला राहते. "सुंठ-गूळ खा." "नको गं, सुंठ उष्ण पडते, ज्येष्ठमध चघळ." मग अर्धा तास तोच विषय.

मीही त्यातलीच. माझ्या सासूबाईंचा खणाचा बटवा अजून आमच्या फळीवर आहे. सुंठ, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, ज्येष्ठमध, ओवा, सगळं त्यात. या बटव्यावर माझा विश्वास आहे. पण त्याला नाडी का असते, हे मला एका पावसाळ्यानं शिकवलं.

त्या वर्षी श्रावणात माझी लेक तापानं फणफणली. अंग दुखत होतं, डोळे दुखत होते. सासूबाईंनी गवती चहा, तुळस, आलं घालून काढा केला. मी कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, मी तर गणपतीच्या साफसफाईला लागले. दुपारी ती म्हणाली, "आई, पोट खूप दुखतंय." मग दोन-तीन उलट्या झाल्या. हाक मारली तरी नीट ओ देईना. "अशक्तपणा आहे, पेज दे," असं आम्ही दोघी म्हणत होतो, तेवढ्यात शेजारची परिचारिका असलेली मुलगी डोकावली. तिनं हात-पाय चाचपले, थंडगार होते. ती म्हणाली, "काकू, पेज नंतर. आधी रिक्षा बोलवा."

डेंग्यू होता. पाच दिवस सलाईनवर काढले आणि लेक घरी आली. डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येकीला सांगते. डेंग्यूत ताप उतरतो, तेव्हाच खरा धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, सुस्ती यांपैकी एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. तापासाठी पॅरासिटामॉल सोडून घरातली कंबरदुखीची उरलेली गोळी द्यायची नाही, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना टाळायचा नाही.

सासूबाई कितीतरी दिवस गप्प होत्या. "माझ्या काढ्यानं पोर हातची जात होती," म्हणायच्या. मी त्यांना म्हटलं, "आई, काढ्यानं काही बिघडलं नाही. उशीर झाला, त्यानं बिघडणार होतं. आणि उशीर मी पण केला." मग आम्ही दोघींनी बसून बटव्याची झाडाझडती घेतली. काय ठेवायचं, काय काढायचं आणि नाडी कधी ओढायची, ते ठरवलं. तेच आज तुम्हाला सांगते.

बटव्यात ठेवा

घसा धरला? पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा. रात्रीच्या कोरड्या खोकल्याला चमचाभर मध चांगला. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. मधातल्या जंतूंमुळे त्याला गंभीर विषबाधा होऊ शकते.

जुलाब लागले? एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच हवा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून अंदाजपंचे नको. दवाखान्यात मिळणारं ओआरएसचं पाकीट असेल तर ते अधिक चांगलं. साधं वाटतं ना? १९७१च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं असंच पाणी तोंडानं पाजून असंख्य जीव वाचवले.

आणि हळद! तिची गोष्ट तर आपल्या अभिमानाची. १९९५मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. म्हणजे आपल्या आज्या करत आल्या, ते आता दुसऱ्याच्या मालकीचं! तेव्हा आपले डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. त्याआधी ते इथेच, पुण्याच्या पाषाणमधल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. परिषदेनं जुने ग्रंथ आणि लेख असे ३२ पुरावे मांडले आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण एक लक्षात घ्या. हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं, एवढं त्यात सिद्ध झालं. हळदीनं सगळं बरं होतं, असं कुणी म्हटलं नाही. किरकोळ खरचटलं तर जखम आधी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. खोल जखमेत, गंजलेल्या पत्र्यानं कापलेल्या जागी हळद भरून बसू नका. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं.

बटव्यातून काढा

भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही नको. बांगड्या-अंगठ्या लगेच काढा आणि भाजलेली जागा वीस मिनिटं साध्या गार पाण्याच्या धारेखाली धरा. वर स्वच्छ सुती फडकं टाका. फोड फोडू नका.

बाळगुटीबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण माझी दोन्ही मुलं गुटीवर वाढली. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको, हे आता ठामपणे सांगितलं जातं. उगाळण्याची सहाण, वाटी-चमचा यांतून जंतू पोटात जातात. बाळाच्या डोळ्यांतलं काजळही असंच. काही काजळांत शिसं सापडतं. तीट लावायची हौस असेल तर तळपायाला लावा, डोळ्यांत नको.

थोडं रूपाचंही

आमच्या गटातल्या बऱ्याचजणी चाकण-भोसरीत पाळीच्या कामाला जातात. आठ तास उभं राहून टाचांना भेगा पडतात. रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, टिपून कोरडे करा, खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा आणि सुती मोजे घालून झोपा. पंधरा दिवसांत फरक दिसेल. मधुमेह असेल तर पाणी किती गरम आहे ते आधी हाताच्या कोपरानं बघा, आणि भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

चेहऱ्याला डाळीचं पीठ आणि दही पुरे. कुठलाही लेप आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लिंबू मात्र थेट चेहऱ्यावर चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे काळे डाग उठतात. आमच्या गटातल्या एकीनं बहिणीच्या लग्नाआधी हा प्रयोग केला. फोटोंमध्ये ती सतत कुणाच्या तरी मागे उभी आहे!

आणि एक मनापासून सांगते. चेहरा निस्तेज, केस गळतात, दोन जिने चढलं की धाप लागते, यावर कुठलाच लेप चालत नाही. ते रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं. महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोखंडी कढईत पालेभाजी करा, वर लिंबू पिळा (लिंबाची खरी जागा ही!), आणि जेवणाबरोबर चहा टाळा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर चार दिवस खाऊन डब्यात टाकू नका. आपण सगळ्यांना वाढून उरलेलं खातो. मग रक्त कुठून येणार?

नाडी ओढा, दवाखाना गाठा

ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला, लहान बाळाला ताप आला, श्वास लागला, छातीत दुखलं, जुलाबात लघवी कमी झाली किंवा डोळे खोल गेले, गरोदरपणात रक्त गेलं, डोकं खूप दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, कुत्रं चावलं, साप-विंचू चावला, तर घरगुती काहीही नको. कुत्रा चावल्यावर जखम पंधरा मिनिटं साबणपाण्यानं धुवायची आणि लगेच लस घ्यायला निघायचं. वाहन नसेल तर १०८ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते.

आता आमच्याकडे सासूबाईंनीच नियम केलाय. घरात कुणाला ताप आला की त्या आधी भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला पेन्सिलीनं टिंब करतात आणि मगच काढ्याचं आधण ठेवतात. तिसरं टिंब पडायच्या आत डॉक्टर. परवा शेजारची नवी सून काढा विचारायला आली. सासूबाईंनी तिला सुंठेचा तुकडा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताप कधीपासून आहे गं?"

ती म्हणाली, "चार दिवस झाले."

सासूबाईंनी सुंठ परत घेतली. म्हणाल्या, "चप्पल घाल. मी येते तुझ्याबरोबर."