आद्याक्षरे आणि त्यांचा उच्चार

पाकिटावर 'मु. पो. आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली' असे आमचे विद्यार्थी लिहितात. परंतु वाचताना 'ता.' न म्हणता 'तालुका' म्हणतात. हा केवळ लेखणीचा संक्षेप होय. जिभेस त्याची वार्ता नसते. त्याच पत्त्याखाली येणाऱ्या 'पिन'ची जात निराळी. 'पोस्टल इंडेक्स नंबर' या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा हा शब्द टपालखात्याने १९७२ साली रूढ केला आणि तो आपण अखंड उच्चारतो. ('पिन नंबर' म्हणणारा 'नंबर' दोनदा म्हणतो, हे त्याच्या गावीही नसते!) उलट 'बी. बी. सी.' म्हणताना अक्षरे सुटीच राहतात. पहिल्यास आद्याक्षरी शब्द म्हणावे, दुसऱ्यास आद्याक्षरसमूह.

इंग्रजीत हा भेद कानास तत्काळ कळतो, कारण तेथे अक्षराचे नाव एक व ध्वनी दुसरा. मराठीत अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार, आणि स्वर त्याच्या अंगचाच. त्यामुळे आद्याक्षरे शेजारी बसली की शब्द होण्यास विलंब लागत नाही. १९०६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य परिषद अशीच 'मसाप' झाली. आपल्या जिल्ह्यातील शेटफळे येथे १९१९ साली जन्मलेले कवी गजानन दिगंबर माडगूळकर 'गदिमा' झाले. मात्र पु. ल. देशपांडे यांची टिंबे गाळून 'पुल' लिहिले, तर लेखक की ओढ्यावरचा पूल, असा प्रश्न पडतो! आदरार्थी अनुस्वार देऊन 'पुलं' म्हटले की तो घोटाळा टळतो.

लोकांची जीभ व्याकरणाची वाट पाहत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एस. टी. धावली. वास्तविक ही दोन सुटी अक्षरे. परंतु खेड्यापाड्यांत त्यांची 'यष्टी' झाली, स्त्रीलिंगी झाली, आणि 'यष्टीनं आलो' अशी तिला विभक्तीही लागली. संस्कृतातील यष्टी, म्हणजे काठी, हिच्याशी या गाडीचे काही नाते नाही. घरच्या वडील माणसांच्या तोंडी हा शब्द ऐकून काही मुले ओशाळतात, कोणी तर चारचौघांत त्यांस दुरुस्तही करतात. हे आम्हांस रुचत नाही. शाळेत न गेलेल्या माणसांनी परक्या अक्षरांच्या नावांतून आपला शब्द घडविला आहे. निबंधात 'एस. टी.' लिहावे, हे खरे. घरी 'यष्टी' खुशाल चालावी.