विकतचं दुखणं

दिवाणखान्यातला रीफ टँक तुम्ही पाहिलेला असतो. निळा उजेड, डोलणारी प्रवाळं, केशरी-पांढरे क्लाउनफिश आणि शेजारी हाताची घडी घालून उभा असलेला मालक. समुद्राचा तुकडा घरात कसा आणला याची कहाणी तो ऐकवतो, पाहुणे ‘वा!’ म्हणतात, चहा होतो. पाहुणे गेले, दिवे मालवले, की हाच मालक लाल टॉर्च घेऊन टँकसमोर उकिडवा बसतो. एका हातात फूटभर लांब चिमटा, दुसऱ्या हातात इंजेक्शनची सिरिंज. पाहुण्यांना न सांगितलेली कहाणी तिथे सुरू होते.

या छंदातली खरी मेख अशी की टँकमधला एकही शत्रू चोरपावलांनी आलेला नसतो. सगळे पैसे मोजून आणलेले असतात. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात लिहिलं की यंत्रांचा पसारा नको. समुद्रातला जिवंत दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे थोडे बुडबुडे एवढ्यावर टँक चालतो. पुढे हा ‘लाइव्ह रॉक’ वजनावर विकला जाऊ लागला. दगडाच्या भोकाभोकांत किडे, खेकडे, गोगलगायी, समुद्रफुलं असा अख्खा वाडा बिऱ्हाडासकट येतो. दुकानदार त्यांचे वेगळे पैसे लावत नाही म्हणून नवखे खूश असतात. काट्यावर दगडासोबत त्यांचंही वजन धरलेलं असतं, हे मागाहून कळतं.

या मंडळींत सर्वांत वरचा मान एप्टेशियाचा. बोटाच्या पेराएवढं, तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं समुद्रफूल. नवख्याला ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा तो हरखून फोटो काढतो: फुकटात फूल आलं! महिन्याभरात त्याला अक्कल येते आणि तो चिमट्याने ते उपटतो. इथेच घात होतो, कारण दगडाला चिकटून राहिलेल्या कणाएवढ्या तुकड्यातूनही नवं एप्टेशिया उगवतं. मग घरगुती उपाय सुरू होतात. सिरिंजने लिंबाचा रस, उकळतं पाणी, चुन्याचा घट्ट लगदा. हात स्थिर असेल तर समोरचं एप्टेशिया मरतं. दगडाच्या पाठीमागची वीस-पंचवीस भावंडं मात्र मजेत असतात आणि स्वयंपाकघरातून विचारणा होते की फ्रीजमधली लिंबं जातात कुठे.

लिंबं संपली की भाडोत्री मारेकरी येतात. पहिला पेपरमिंट कोळंबी: अंगावर लाल रेघा, स्वभावाने लाजरी, एप्टेशिया खाण्याबद्दल प्रसिद्ध. दुकानातल्या टाकीत तिच्या शेजारीच तिच्यासारखी दिसणारी कॅमल कोळंबी असते. पाठीला बाक, डोळे मोठे. घाईत पिशवीत कोण येतं ते नशिबावर. घरी आल्यावर कॅमलबाई एप्टेशियाकडे ढुंकून पाहत नाहीत आणि शेजारची महागडी प्रवाळं कुरतडू लागतात. खरी पेपरमिंट मिळाली तरी तिला माशांचं उरलंसुरलं भरपूर मिळालं, तर ती कष्ट कशाला करील? सरकारी नोकरीत कायम झालेल्या माणसासारखी ती पोटापुरतं खाऊन कोपऱ्यात बसते.

दुसरा मारेकरी कॉपरबँड बटरफ्लायफिश. लांब चोच, तांबूस पट्टे, रुबाबदार किंमत. दुकानातून निघतानाच तो अनेकदा अर्धपोटी असतो आणि घरी आल्यावर उपोषण पुढे चालू ठेवतो. खाऊ लागलाच तर दगडातले शोभेचे पिसारेवाले किडे आधी फस्त करतो. एप्टेशियाचा नंबर लागलाच, तर सर्वांत शेवटी.

तिसरी बर्घिया. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची ही समुद्री गोगलगाय, शंखाविना, पाठीवर मऊ झालर. ती एप्टेशियाशिवाय दुसरं काहीही खात नाही. रात्री निघते, दगडाच्या मागे जाते, जिथे सिरिंज पोचत नाही तिथे पोचते. एवढा एकनिष्ठ कामगार मिळाल्यावर मालक निर्धास्त झोपतो. आधी आणलेल्या पेपरमिंट कोळंब्या मात्र जाग्या असतात, आणि बर्घिया त्यांना चविष्ट लागते. पहिल्या उपायाने तिसरा उपाय खाल्ला, हे सकाळी रिकाम्या दगडावरून कळतं.

समजा कोळंब्या काढल्या आणि बर्घिया टिकल्या. त्या काही महिन्यांत सगळं एप्टेशिया संपवतात आणि मग स्वतः उपाशी मरू लागतात. म्हणून हौशी मंडळांत बर्घिया घरोघर फिरवतात. न्यू जर्सीकडच्या अशाच एका मंडळात, जिथे प्रत्येक जण ‘आमच्याकडे एप्टेशिया? छे!’ असं शपथेवर सांगायचा, एकाने भर बैठकीत विचारलं, “माझ्या बर्घिया उपाशी आहेत हो, कुणाकडे थोडं एप्टेशिया मिळेल का?” क्षणभर शांतता, मग जवळजवळ सगळे हात वर. त्यातल्या एकाने पुढे बर्घिया विकण्याचा जोडधंदा काढला. आता तो तळघरात टबच्या टब एप्टेशिया मुद्दाम वाढवतो, आणि पीक कमी आलं की काळजीत पडतो.

त्याला नावं ठेवायला नकोत. स्टॅनफर्डपासून सौदी अरेबियातल्या काउस्टपर्यंतच्या प्रयोगशाळांत हेच एप्टेशिया लाडाने पोसलं जातं. प्रवाळांसारखंच तेही अंगात सूक्ष्म शैवाल बाळगतं, पण प्रवाळांसारखे नखरे करत नाही, त्यामुळे प्रवाळांचं विरंजन, म्हणजे रंग उडून पांढरं पडणं, अभ्यासायला ते सोयीचं. २०१५ साली त्याचा पूर्ण जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला. ज्याला घरात मारता येत नाही, तो जीव प्रयोगशाळेत ‘सहज वाढणारा’ म्हणून गौरवला जातो.

आता रात्रीच्या आवाजाचा किस्सा. दिवे मालवल्यावर टँकमधून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला की अनुभवी माणसाचा चेहरा उतरतो. दगडातून मँटिस श्रिंप आला असण्याची शक्यता असते. याचे ठोसे शिंपले फोडतात. १९९८ साली इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात टायसन नावाच्या मँटिसने टाकीची काच फोडल्याची बातमी जगभर छापून आली होती. नाव कुणावरून ठेवलं ते सांगायला नको. तर ‘टक्’ ऐकून लोक सापळे लावतात, संशयित दगड बाहेर काढतात, त्याच्या भोकात सोडावॉटर ओततात. गुदमरून बाहेर पडतो तो बऱ्याचदा पिस्तूल कोळंबी. हीसुद्धा नांगीचा चाप ओढून असाच आवाज काढते, पण ती निरुपद्रवी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

कधी खरा चोर सापडतोही. डब्यात टाकलेल्या त्या हिरव्या-तपकिरी जिवाचे डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरत असतात, तो मालकाला न्याहाळतो, मालक त्याला. माशांच्या खुनाचा आरोप असलेल्या या कैद्याला संडासात सोडून द्यायचं ठरलेलं असतं. आठवड्याभराने पाहावं तर घरात दुसरा, छोटा टँक आलेला असतो. आत कैदी एकटा आणि त्याला रोज ताजे शिंपले.

पण सर्वांवर कडी केली ती बॅरीने. कॉर्नवॉलमधल्या न्यूकीच्या ब्लू रीफ मत्स्यालयात प्रवाळं रातोरात अर्धी तुटलेली सापडू लागली, एक टँग मासा जखमी झाला. कर्मचाऱ्यांनी आमिषं लावून सापळे ठेवले. सकाळी सापळे मोडलेले, आमिष गायब. गळ लावले तर मासेमारीची जाड दोरीसुद्धा तुटलेली. शेवटी मार्च २००९ मध्ये त्यांनी अख्खी मांडणी एकेक दगड करून उकलली, तेव्हा तळाशी चार फुटांचा, काटेरी, जबडेवाला समुद्री किडा निघाला. त्याचं नाव ठेवलं बॅरी. तो बहुधा पिल्लू असताना दगडातून आत आला असावा आणि पुढे मत्स्यालयाच्याच खर्चाने वाढला. मारायला कुणाचा हात उठला नाही. त्याला स्वतंत्र टाकी मिळाली. प्रवाळं फस्त करून बॅरीने पदोन्नती मिळवली! त्याच वर्षी जपानमधल्या शिराहामा बंदरात त्याचा भाऊबंद एका तरंगत्या तराफ्याच्या आत सापडला, लांबी २९९ सेंटिमीटर. तराफ्यावर रोज वावरणाऱ्यांना खाली कोण राहतं याचा पत्ता नव्हता.

आक्रोपोरा प्रवाळांवरच्या पिवळ्या-तांबड्या ‘रेड बग’चा किस्सा थोडक्यात. अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव मारायला चालतं ते औषध कुत्र्यांच्या हृदयातल्या जंतांसाठीचं, इंटरसेप्टर. अमेरिकेत ते पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि पशुवैद्य विचारतो, “कुत्र्याचं वजन किती?” घरात कुत्रा नसलेल्या सभ्य गृहस्थांनी इथे काय काय उत्तरं दिली असतील ती दिली असतील. २०११ च्या अखेरीस कारखाना बंद पडून हे औषध बाजारातून गायब झालं, तेव्हा कुत्रेवाल्यांइतकेच प्रवाळवालेही हवालदिल झाले. औषध गुणकारी आहे यात शंका नाही. रेड बग मरतात, आणि त्यांच्याबरोबर टँकमधले खेकडे आणि कोळंब्याही; आक्रोपोराच्या फांद्यांत राहून त्याची राखण करणारे खेकडेसुद्धा सुटत नाहीत.

हसण्यावारी न्यायचा नाही असा एकच पाहुणा: पॅलिथोआ. बटणासारख्या तपकिरी झुपक्यांचा हा जीव दगड व्यापू लागला की लोक वैतागून दगड बाहेर काढतात आणि घासतात, नाहीतर उकळतात. त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. हवाई बेटांवरच्या हाना गावाजवळ एक डबकं होतं. त्यातलं ‘मारक शेवाळ’ भाल्याला लावलं की घाव प्राणघातक होतो, आणि जो त्याला हात लावील त्याच्यावर संकट येतं, अशी समजूत. ३१ डिसेंबर १९६१ रोजी संशोधकांनी तिथले नमुने गोळा केले. त्याच दुपारी त्यांच्या सागरी प्रयोगशाळेची मुख्य इमारत आगीत जळाली. शास्त्रज्ञ योगायोग म्हणाले, गावकरी काही म्हणाले नाहीत. १९७१ साली विष वेगळं काढण्यात यश आलं, आणि ‘शेवाळ’ हे शेवाळ नसून पॅलिथोआ आहे हे तोवर कळलं होतं. २०१८ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हन्टन गावात एका घरी टँकमधलं प्रवाळ साफ करताना हे विष पसरलं आणि घरातली माणसंच नव्हे, मदतीला धावलेले कर्मचारीही रुग्णालयात गेले. म्हणून उकळणं नाही, कोरडं घासणं नाही. हातमोजे, चष्मा आणि काम पाण्याखालीच. एवढं सांगूनही याच कुळातले रंगीत झोअँथिड भपकेदार नावांनी, डोकी मोजून विकले जातात. आपल्या मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला यांच्या चादरी उघड्या पडतात, फुकट. मात्र घरी नेण्याचा विचार नको. शिवाय दगडी प्रवाळं तर २००१ पासून भारतात वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, वाघाच्या पंगतीला बसलेली आहेत. दादर-पार्ल्याच्या कुणाच्या दिवाणखान्यात ती दिसलीच, तर कौतुक करावं आणि पावती मागू नये.

शेवटचा किस्सा घराबाहेर पडलेल्या पाहुणीचा. कॉलर्पा टॅक्सिफोलिया, पिसासारखी सुंदर हिरवी शेवाळी. थंडीतही तग धरणारा तिचा एक वाण स्टुटगार्टच्या विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयाच्या टाक्यांत होता. तिथून तो मोनॅकोच्या सागरी संग्रहालयात पोचला. १९८४ साली त्याच संग्रहालयाच्या खाली समुद्रात तिचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा दिसला. तेव्हा संग्रहालयाचे संचालक होते साक्षात विख्यात समुद्रसंशोधक जाक कूस्तो. नीसचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर मेनेझ यांनी पुढे आरडाओरडा केला तेव्हा संग्रहालयाच्या बाजूने सांगण्यात आलं की ती समुद्रमार्गे आपसूक आली असावी. वर्षानुवर्षं भांडण चाललं, शेवाळी हेक्टर हेक्टर पसरत राहिली. १९९८ मध्ये जनुकांची तुलना झाली आणि समुद्रातली शेवाळी मत्स्यालयातल्या वाणाची निघाली. मेनेझ यांनी असंही सुचवलं की कॅरिबियन समुद्रातली कॉलर्पा खाणारी गोगलगाय आणून सोडू. सरकारने नकार दिला. एप्टेशियावाल्या कुठल्याही हौशी माणसाला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं, तेही पगार न घेता.

अमेरिकेने घोळ घातला नाही. २००० साली कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादच्या खाजणात ती दिसताच वर ताडपत्र्या टाकून आत क्लोरीन सोडलं, २००६ मध्ये ती नामशेष झाल्याचं जाहीर केलं. भूमध्य समुद्रात मात्र ती पुढे बऱ्याच ठिकाणी आपणहून ओसरली, कारण कुणालाच धड सांगता आलं नाही, त्यामुळे श्रेय घ्यायलाही कुणी पुढे आलं नाही. कॉलर्पाच्या भावंडांचं म्हणाल तर ती टँकखालच्या संपमध्ये, म्हणजे पाणी गाळणाऱ्या टाकीत, अजून सापडतात, मुद्दाम लावलेली. काम विचारलं तर मालक अभिमानाने सांगतो: ही पाण्यातलं खत शोषून घेते, म्हणून वरच्या टँकमध्ये उपद्रवी शेवाळ होत नाही.