कागदावर नसलेली माणसे

फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते. परंतु त्या देशाच्या दक्षिणेस, नीम शहराच्या वरच्या अंगाला, सेव्हेन नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे. चेस्टनटची राने, उतारावरची चिंचोळी शेते आणि दगडी घरे. या घरांच्या परसात जागोजागी जुनी थडगी दिसतात. गावात चर्च आहे, शेजारी दफनभूमीही आहे. मग घरची माणसे परसात का पुरली? या साध्या प्रश्नाचा माग काढीत गेले, की शंभर वर्षांचा एक विलक्षण इतिहास हाती लागतो.

ही माणसे ह्यूजेनॉट, म्हणजे फ्रान्समधील प्रॉटेस्टंट. १५९८ साली चौथ्या हेन्री राजाने नाँतचा फतवा काढून त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा दिली. १६८५ च्या ऑक्टोबरात त्याचाच नातू चौदावा लुई याने ती काढून घेतली. धर्मोपदेशकांनी पंधरा दिवसांत धर्म सोडावा किंवा देश सोडावा. इतरांना मात्र देश सोडण्याचीही बंदी! पळताना सापडलेल्या पुरुषाच्या नशिबी राजाच्या गलबतावर वल्ही मारणे आणि बाईच्या नशिबी तुरुंग. तरीही दीड ते दोन लाख माणसे सीमा ओलांडून गेली. मागे राहिली त्यांच्या घरांत शिपायांची ठाणी बसली आणि गावेच्या गावे एका दिवसात ‘कॅथलिक’ झाली.

संशोधकाची खरी अडचण येथून सुरू होते. त्या काळी जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद कॅथलिक पाद्रीच्या वहीत होई. दुसरी वही कायद्याला ठाऊकच नव्हती. पाद्रीकडे न जाता लग्न लावले, तर कायद्याच्या दृष्टीने ते लग्नच नव्हे. त्या जोडप्याची मुले अनौरस, आणि अनौरसाला वारसा नाही. माणसे नांदत होती, शेते कसत होती. परंतु सरकारी कागदावर ती नव्हतीच!

मग त्यांना शोधायचे कोठे? मौजेची गोष्ट अशी, की पुष्कळदा छळणाऱ्यानेच त्यांची नावे जपून ठेवली आहेत. धर्म सोडल्याच्या याद्या पाद्रींच्या वह्यांत आहेत. जप्त मालमत्तेचे आणि खटल्यांचे कागद पॅरिसच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात ‘टीटी’ या मालिकेत बांधलेले आहेत. दुसरा आधार नोटरीच्या दप्तराचा. लग्न चर्चमध्ये लावता आले नाही, तरी लग्नाचा करार नोटरीपुढे लिहून ठेवता येई. हुंडा किती, शेत कोणते, साक्षीदार कोण, हे सारे त्यात सापडते. नीम येथील जिल्हा दप्तरखान्यात अशा कागदांतून कुळेच्या कुळे जुळविता येतात. शिवाय १८५२ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंट इतिहास मंडळाचे ग्रंथालय आहेच.

तिसरा आधार सर्वांत हृद्य आहे. १७१५ नंतर आंत्वान कूर या तरुण उपदेशकाने विखुरलेली मंडळी पुन्हा एकत्र आणली. रात्री रानात, दरीत, गुहेत प्रार्थना भरत. बायबलातील आठवण धरून या काळाला ते ‘वाळवंट’ म्हणत. हे फिरते उपदेशक बारशांच्या आणि लग्नांच्या गुप्त वह्या ठेवीत. वही सापडली तर फाशी, हे ठाऊक असूनही ठेवीत. म्याले गावाजवळ मास सुबेरान येथे, १७०२ च्या कामिसार बंडाचा पुढारी रोलाँ याच्या घरात, आज ‘वाळवंटा’चे संग्रहालय आहे. तेथे घडी करून लपविता येणारे व्यासपीठ आणि बायकांच्या अंबाड्यात मावेल एवढे बायबल पाहावयास मिळते.

या साऱ्या कागदांत एका बाईची पत्रे मला मोलाची वाटतात. मारी द्युराँ ही विव्हारे प्रांतातली मुलगी. भाऊ प्येर गुप्त उपदेशक. १७३० मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, तिला समुद्रकाठच्या एग-मोर्त गावी कॉन्स्टन्स बुरुजात डांबले. दोन वर्षांनी भावाला मोंपेल्ये येथे फाशी दिले. ‘मी धर्म सोडला’ एवढे म्हणताच दार उघडणार होते. ती ते म्हणाली नाही. अडतीस वर्षांनी, १७६८ साली, ती बाहेर आली. बुरुजातून तिने जिनीव्हातल्या पुतणीला, धर्मबांधवांना पत्रे लिहिली; सोबतिणींसाठी मदत मागितली. वरच्या दालनाच्या मधोमध एक गोल झरोका आहे. त्याच्या दगडी कडेवर एकच शब्द कोरलेला आहे, त्याचा अर्थ ‘प्रतिकार करा’. तो तिनेच कोरला असे परंपरा सांगते, पुरावा नाही. अक्षरे प्रमाण फ्रेंच शुद्धलेखनाप्रमाणे नाहीत. मराठीचा मास्तर असूनही, ती कोणी दुरुस्त करावीत असे मला वाटत नाही.

१७८७ च्या नोव्हेंबरात सोळाव्या लुईने या लोकांचे जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदविण्यास मान्यता दिली. जुन्या लग्नांचीही नोंद करता येऊ लागली. वर्षानुवर्षे संसार केलेली जोडपी न्यायाधीशापुढे उभी राहिली, आपली लग्ने आणि मुलांची नावे सांगू लागली. त्या वह्या वाचताना रुक्ष नोंदीही डोळे ओलावतात.

ही आठवण वाया गेली नाही. १९४० ते १९४४ या काळात त्याच बाजूच्या पठारावरील शांबों-स्युर-लिन्यों या प्रॉटेस्टंट गावाने आणि आसपासच्या वाड्यांनी हजारो निर्वासितांना, त्यांत कितीतरी ज्यू मुलांना, घरांत लपविले. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याबद्दल त्या पंचक्रोशीचा गौरव केला. ज्यांचे पूर्वज एके काळी कागदावर नव्हते, त्यांना दाराशी आलेल्या पाहुण्याचे कागद तपासावेसे वाटले नाहीत.