काकूंचा पासपोर्ट आणि सहा महिन्यांचा हिशेब

डिंकाचे लाडू डब्यात भरून झाले होते. झबली-टोपडी, जुन्या सुती लुगड्याची दुपटी, सगळं बॅगेत गेलं होतं. आमच्या शेजारच्या काकू लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मलेशियाला, क्वालालंपूरला निघाल्या होत्या. २०२४चा नोव्हेंबर होता तो. गल्लीतल्या आम्ही सगळ्या जणी गोंदिया स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेसला त्यांना सोडायला गेलो होतो. काका मुंबईपर्यंत सोबत जाणार आणि पुढे काकू एकट्याच विमानात बसणार. कौतुक वाटत होतं आम्हाला.

आणि चौथ्या दिवशी दुपारी बघते तर काय, काकू आपल्या अंगणात तुळशीला पाणी घालतायत! लाडवाचा डबा तसाच परत आलेला.

झालं होतं असं, की विमानतळावरच्या काउंटरवर मुलीने पासपोर्ट पाहिला आणि म्हणाली, ‘‘मावशी, तुम्हाला जाता येणार नाही.’’

‘‘माह्या पासपोर्टले काय झालं? मार्चपर्यंत चालते ना तो!’’ काकूंचं म्हणणं बरोबरच होतं. पासपोर्टवर मार्च २०२५ अशी तारीख स्पष्ट छापलेली होती. पण मलेशियात पाऊल ठेवायच्या दिवशी पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी लागते. काकूंच्या पासपोर्टला चारच उरले होते.

मैत्रिणींनो, हा सहा महिन्यांचा नियम आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतो? मलाही नव्हता. मग मी जरा माहिती काढली.

परदेशात गेलेला माणूस आजारी पडला, अडकला, मुक्काम लांबला, तर त्याला परत पाठवायला चालू पासपोर्ट लागतो. म्हणून अनेक देश ही जादा मुदत मागतात. अशा प्रवाशाला तिकडच्या सरकारने परत पाठवलं, तर त्याला आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडही होऊ शकतो. त्यामुळे आपल्याला इथेच, काउंटरवरच थांबवलं जातं. तिथे रडून-भेकून काही उपयोग नसतो.

थायलंड, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती हे सगळे सहा महिनेवाले. जर्मनी, फ्रान्ससारख्या शेंगेन देशांचा हिशेब वेगळा. तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. ब्रिटनला मुक्काम संपेपर्यंत चालू असला तरी पुरतो. अमेरिकेने भारतीयांना सहा महिन्यांच्या अटीतून सूट दिली आहे. नेपाळला तर आपलं मतदार ओळखपत्रही चालतं. पण नियम बदलत असतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ एकदा बघायचंच.

काकूंच्या बाबतीत आणखी एक गंमत झाली. गंमत कसली, घातच म्हणायचा. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांसाठी व्हिसा माफ केला होता. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, कटकट गेली. पण व्हिसा काढायचा असता, तर अर्ज करतानाच कुणीतरी पासपोर्टची तारीख तपासली असती! व्हिसा नाही म्हणजे आधी तपासणारंही कुणी नाही. अशा देशांना जाताना ते काम आपणच करायचं.

आता खरी बोचणारी गोष्ट सांगते. काकांचा आणि काकूंचा पासपोर्ट २०१५ साली एकाच दिवशी निघाला होता. दोन्ही गोदरेजच्या कपाटात, सातबारा आणि विम्याच्या कागदांसोबत. काकांनी आपला वर्षभर आधीच नवा करून घेतला. काकूंचा? ‘तुला कुठे जायचंय इतक्यात?’ म्हणून राहून गेला. आणि काकूंनीही कधी उघडून पाहिला नाही. घरातल्या सगळ्यांच्या औषधांच्या वेळा पाठ असलेल्या बाईला आपल्याच पासपोर्टची तारीख माहीत नव्हती.

पासपोर्ट नवा करायला मुदत संपायची वाट बघावी लागत नाही. संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. जुन्यातले उरलेले महिने नव्यात मिळत नाहीत, म्हणून काहीजण शेवटपर्यंत थांबतात. हा लोभ महागात पडतो. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २००० रुपये. अर्ज संकेतस्थळावर भरायचा आणि वेळ घेऊन सेवा केंद्रात जायचं. आपला गोंदिया जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतो.

मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, पण लहान मुलांचा पाचच वर्षं. नातवंडांना घेऊन जाणाऱ्या आज्यांनी हे विसरू नये. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर नवा आणि जुना दोन्ही जवळ ठेवायचे, व्हिसा वाया जात नाही.

आणि नावाचं काय? लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं माहेरचं नाव बदलायलाच हवं असं नाही. डिसेंबर २०१६च्या नियमांनी लग्नाच्या दाखल्याची सक्ती काढली, आई-वडिलांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालेल असं ठरवलं आणि घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव लिहिण्यातून मोकळं केलं. मात्र तिकिटावरचं नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळलं पाहिजे.

काकूंनी तत्काळमध्ये अर्ज केला. नागपूरला खेटे झाले, पहिल्या तिकिटाचे पैसे बुडाले, दुसरं काढलं. तोवर लेक बाळंत झाली होती. शेजारच्या तमिळ बाईने तिला पहिले दिवस सांभाळलं. बारसं काकूंनी मोबाइलवर पाहिलं. नात मांडीवर आली तेव्हा सोळा दिवसांची होती.

‘‘पैशाचं काही नाही गं,’’ परत आल्यावर काकू मला म्हणाल्या, ‘‘पण पोरीले कळा सुटल्या तवा मी इथं भात निवडत होती.’’ यावर मी काय बोलणार?

आता काकूंचा पासपोर्ट त्यांच्या स्वतःच्या पेटीत असतो. वरच्या कागदावर त्यांनी मुदतीची तारीख लिहिलीच नाही, तिच्या सहा महिने आधीची लिहिली आहे. तेवढीच खरी, असं त्या म्हणतात. आज दुपारी कामं आवरली, की तुम्हीही कपाट उघडा आणि आपला पासपोर्ट शोधा. नवऱ्याचा नंतर बघू.