पोलिसांची युद्धकला: प्रहार की पकड?

पोलिसांसाठी युद्धकला निवडताना प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करण्याची क्षमता हा निकष अपुरा ठरतो, कारण समोरच्या व्यक्तीला कमीत कमी इजा करून ताब्यात घेणे हे पोलिसाचे काम असते आणि वापरलेल्या बळाचे समर्थन त्याला कायद्यापुढे करावे लागते. तोल ढळवून पाडणे व जमिनीवर जखडणे यांवर आधारलेला, जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये स्थापन केलेला ज्युदो जपानी पोलिसांच्या प्रशिक्षणात केंदोबरोबर, म्हणजे बांबूच्या तलवारीच्या द्वंद्वाबरोबर, स्थिरावला; मात्र स्पर्धेचे नियम रस्त्यावर पाळले जात नसल्याने दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोच्या पोलिसांनी अशा कलांतील निवडक डाव एकत्र करून ‘ताइहो-जुत्सु’ ही अटकेची स्वतंत्र पद्धत घडवली, आणि हाच मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

ब्राझिलियन जिउ-जित्सुसारखी जमिनीवरची कला नियंत्रणासाठी उपयुक्त असली, तरी झटापटीत कमरेचे पिस्तूल हिसकावले जाण्याचा धोका असल्याने तिचा सराव गणवेश व पट्ट्यासह व्हायला हवा. पकडही निर्धोक नसते: पालथ्या व्यक्तीच्या पाठीवर भार राहिल्यास छातीचे प्रसरण रोखले जाऊन मृत्यू ओढवू शकतो, म्हणून बेड्या पडताच तिला कुशीवर वळवणे हा प्रशिक्षणाचा अनिवार्य भाग असला पाहिजे.