ग्रां पोरची आरमारी लढाई

माहेबूरला गेलेल्या वाचकांनी तेथील इतिहास संग्रहालयाची जुनी हवेली पाहिली असेलच. आम्ही दरवर्षी सहावीची मुले घेऊन तेथे जातो. तोफा पाहून मुले हरखून जातात, आणि आम्ही नेहमीप्रमाणे १८१० सालच्या लढाईची हकीकत सांगतो: फ्रेंच जिंकले, इंग्रज हरले. गेल्या खेपेस एका मुलीने मध्येच विचारले, "गुरुजी, तेव्हा आपण कोणाच्या बाजूला होतो?" आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. घरी येऊन पुन्हा पुस्तके काढली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या काळी आपल्या बेटाचे नाव इल द फ्रान्स होते आणि गव्हर्नर होता नेपोलियनचा सेनापती दकां. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे वाटेत गाठायची, लुटायची आणि येथल्या बंदरात आणून विकायची, हा बेटाचा मोठा धंदा. इंग्रज त्याला कंटाळले होते. जुलै १८१० मध्ये त्यांनी शेजारचे, आजचे रेयुनियों बेट घेतले आणि मग आपल्या बेटाकडे नजर वळवली.

दोन्हीकडची मुख्य जहाजे फ्रिगेट जातीची होती. तीन डोलकाठ्या, तोफांची एक मुख्य रांग, आणि वेग. अशा जहाजाची सारी ताकद त्याच्या दोन कुशींत असते. कूस शत्रूकडे असेल तर पंधरा-वीस तोफा एकदम बोलतात. पण पाठ शत्रूकडे वळली की संपले. गोळे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्या आणि माणसे फोडीत जातात. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची लढाई समजते.

ग्रां पोरचा उपसागर दिसायला विस्तीर्ण आहे, पण त्या निळ्या-हिरव्या पाण्याला भुलू नये. खाली जिकडे तिकडे प्रवाळाचे खडक. आत शिरायची वाट अरुंद आणि वाकडी, आणि तिच्या तोंडाशी इल द ला पास हे तटबंदीचे चिमुकले बेट. ऑगस्टच्या मध्यास इंग्रजांनी रात्री छापा घालून ते बेट घेतले. 'नेरेइड' फ्रिगेटचा कप्तान विलोबी तेथे पहाऱ्याला राहिला.

२० ऑगस्टला फ्रेंच कप्तान द्युपेरे सफरीवरून परतला. त्याच्याबरोबर 'बेलोन' आणि 'मिनर्व्ह' ही फ्रिगेटे, 'व्हिक्टर' हे लहान लढाऊ जहाज आणि कंपनीची पकडलेली दोन जहाजे होती. विलोबीने त्याला फसवण्यासाठी फ्रेंच निशाण फडकत ठेवले होते. फ्रेंच जहाजे टप्प्यात आली, आणि खोटे निशाण उतरवून खरे चढवण्याच्या घाईत ते फ्रेंच निशाण पेटत्या शेगडीवर पडले! जवळची दारू भडकली, बेटावरचे गोलंदाज होरपळले. त्या गोंधळात द्युपेरे आत घुसला. कपट करणाराला कपटाचेच कापड नडले, असे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले फार हसतात. होरपळलेल्यांचे नाव काढले की गप्प होतात.

आत गेल्यावर द्युपेरेने दोन कामे केली. वाट दाखवणाऱ्या खुणा जागेवरून हलवल्या, आणि आपली जहाजे किनाऱ्याला धरून ओळीने अशी नांगरली की त्यांच्या मागे कोणाला जाता येऊ नये.

इकडे कप्तान पिम 'सिरियस' घेऊन आला. शत्रू आपल्याहून कमजोर आहे, असा निरोप विलोबीने त्याला निशाणांनी दिला. पिमने थांबून वाट तपासली नाही. २२ तारखेला आत शिरताना 'सिरियस' खडकावर चढले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी कसेबसे सुटले. तेवढ्यात 'इफिजेनिया' आणि 'मॅजिसियेन' ही आणखी दोन इंग्रजी फ्रिगेटे आली. कोणालाही वाटेल की आता तरी होडीतून पाण्याची खोली मोजून घेतील. छे! २३ ला संध्याकाळी चौघेही निघाले. 'सिरियस' पुन्हा खडकावर, 'मॅजिसियेन' दुसऱ्या खडकावर. आमच्या मते लढाईचा निकाल येथेच लागला.

'नेरेइड' तेवढे 'बेलोन'समोर जाऊन उभे राहिले. फ्रेंच जहाजांचे दोर तुटून ती किनाऱ्याला लागली आणि एकमेकांना चिकटली. 'बेलोन'ची कूस मात्र नेमकी शत्रूकडे राहिली. मागच्या जहाजांवरून माणसे आणि दारूगोळा तिला मिळत राहिला, थकलेल्यांच्या जागी ताजे येत राहिले. तिकडे 'नेरेइड'चा जहाज वळवण्याचा दोर तुटला आणि त्याची पाठ 'बेलोन'कडे फिरली. विलोबीने नांगराचा दोर तोडून कशीबशी दुसरी कूस शत्रूकडे आणली. लाकडाची ढलपी लागून त्याचा एक डोळा गेला. द्युपेरेही चेहऱ्यावर जखम होऊन पडला; त्याच्या जागी 'मिनर्व्ह'चा कप्तान बूव्हे उभा राहिला.

रात्री 'नेरेइड'ने शरणागती पत्करली तरी तोफा थांबेनात. मध्यरात्रीनंतर 'नेरेइड'वरचा एक फ्रेंच कैदी पोहत 'बेलोन'वर गेला आणि जहाज केव्हाच शरण आले आहे असे त्याने सांगितले. तरी सकाळी पुन्हा गोळे! कारण मागच्या डोलकाठीला इंग्रजी निशाण खिळ्यांनी ठोकलेले होते आणि ते उतरवायला दोर उरला नव्हता. शेवटी डोलकाठीच तोडावी लागली. जहाजावरच्या २८१ माणसांपैकी दोनशेहून अधिक मेले वा जखमी झाले. फ्रेंचांचे ३७ मेले, ११२ जखमी.

रुतलेली दोन्ही जहाजे इंग्रजांनी स्वतःच जाळली. उरलेले 'इफिजेनिया' आणि इल द ला पास पुढे २८ ऑगस्टला फ्रेंचांच्या हाती पडले. जखमी विलोबी आणि जखमी द्युपेरे ह्या दोघांना एकाच घरात आणून त्यांच्यावर उपचार झाले. ते घर म्हणजेच आजचे आपले संग्रहालय. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेल्या लढायांत समुद्रावरची ही एकच आहे.

पण कमानीवर पुढचे लिहिलेले नाही. सप्टेंबरात 'सिलोन' नावाच्या इंग्रजी फ्रिगेटला फ्रेंचांच्या 'व्हीनस'ने रात्रभर झुंजून पकडले. बेट जिंकण्यासाठी निघालेला सेनापती ॲबरक्रॉम्बी त्याच 'सिलोन'वर होता. त्याच दिवशी दुसरी इंग्रजी जहाजे आली. त्यांनी 'सिलोन' सोडवले आणि 'व्हीनस'ही घेतले. नोव्हेंबरच्या शेवटी सुमारे ७० जहाजांचा तांडा आला. ह्या वेळी मात्र किनाऱ्याजवळच्या पाण्याची खोली आधी गुपचूप मोजलेली होती. सैन्य उत्तरेला उतरले, त्यात हिंदी शिपाईही होते, आणि ३ डिसेंबरला दकांने बेट सोपवले. म्हणजे कमानीवरचा विजय साडेतीन महिनेही टिकला नाही. इंग्रज राहिले म्हणून पुढे १८३४ पासून मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये आणले गेले, आणि त्यांतच मुंबई बंदरातून आपली कोकणची माणसे आली.

आता त्या मुलीचा प्रश्न. लढाईत आपण कोणाच्याच बाजूला नव्हतो. आपले पूर्वज तेव्हा आपापल्या गावी शेतावर होते. पण ते जे 'सिलोन' पकडले गेले आणि सुटले, ते आधी 'बॉम्बे' ह्या नावाचे होते. १७९३ साली ते मुंबईच्या गोदीत बांधले गेले होते. इंग्रज आरमाराने ते १८०५ मध्ये विकत घेतले आणि १८०८ मध्ये त्याचे नाव बदलले. आपल्या माणसांच्या आधी ह्या पाण्यात मुंबईचे ते एक जहाज लढून गेले होते.

हे आम्ही वर्गात सांगितले. मुलीने लगेच दुसरा प्रश्न टाकला, "मग ते जहाज आता कुठे आहे?" ह्या वेळी आम्ही तयार होतो. ते पुढे माल्टा बेटाच्या बंदरात बरीच वर्षे नुसते उभे होते. १८५७ साली ते विकून टाकले.